मॅकेनचा अंगठा तर शेवटी आला: ओबामाकेअर रद्द करायचा २०१७चा फसलेला प्रयत्न आणि त्याची राजकीय किंमत

२८ जुलै २०१७, वॉशिंग्टनमध्ये रात्रीचा दीड वाजलेला. रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन सभागृहात पुढे आले, उजवा हात वर धरला, क्षणभर थांबले आणि अंगठा खाली करून "नो" म्हणाले. ओबामाकेअर, म्हणजे ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा, रद्द करायचा प्रयत्न कसा फसला हे कुणालाही विचारा, तो हाच व्हिडिओ दाखवतो. मला हे अर्धवट वाटतं, आणि बऱ्याच लोकांवर अन्याय करणारंही वाटतं. दोन महिला सिनेटर त्या आठवड्यात पहिल्या मतापासून नाही म्हणत होत्या, व्हीलचेअरवरच्या माणसांना पोलिसांनी उचलून बाहेर काढलं होतं, रिपब्लिकन पक्षाचेच काही गव्हर्नर आपल्याच पक्षाला थांबा म्हणून सांगत होते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सात वर्षं "रद्द करू, रद्द करू" म्हणणाऱ्या पक्षाकडे त्याच्या जागी काय आणणार याचं उत्तरच नव्हतं. प्रयत्न तिथे फसला. मॅकेननी त्यावर फक्त शेवटचा शिक्का मारला.

आधी कायदा काय होता ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढची मारामारी कळणार नाही. २३ मार्च २०१० ला ओबामांनी अफोर्डेबल केअर ॲक्टवर सही केली. जुना आजार आहे म्हणून विमा कंपनी नाही म्हणू शकत नाही की जास्त प्रीमियम लावू शकत नाही, पोरं २६ वर्षांची होईपर्यंत आईबापाच्या पॉलिसीत राहू शकतात, ज्यांना नोकरीतून विमा मिळत नाही त्यांना उत्पन्नानुसार सरकार प्रीमियममध्ये मदत करतं, आणि गरिबांसाठीची मेडिकेड योजना आणखी वरच्या उत्पन्नापर्यंत वाढवली. बदल्यात प्रत्येकाने विमा घ्यायचाच, नाही घेतला तर दंड. ही दंडाची अट लोकांना सगळ्यात जास्त खटकली, पण ती नसती तर आजारी पडल्यावरच विमा घ्यायचा असं सगळ्यांनी केलं असतं आणि धंदा बसला असता. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा वाचवला पण मेडिकेड वाढवायची राज्यांवर सक्ती नाही असं सांगितलं, त्यामुळे २०१७ पर्यंत ३१ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी एवढ्यांनीच ती वाढवली होती. तरीसुद्धा साधारण दोन कोटी लोकांना नव्याने विमा मिळालेला होता.

कायद्यात दोष नव्हते असं अजिबात नाही. तुमचा आधीचा प्लॅन आवडत असेल तर तो तसाच राहील, असं ओबामांनी सांगितलं होतं आणि २०१३ मध्ये लाखो लोकांना प्लॅन बंद झाल्याची पत्रं आली. सबसिडीची जी वरची मर्यादा होती तिच्या जरा वर ज्यांचं उत्पन्न होतं, म्हणजे छोटे दुकानदार, स्वतःचा धंदा करणारे, त्यांना एक पैसा मदत नव्हती आणि २०१७ साठी प्रीमियम सरासरी वीस टक्क्यांच्या वर वाढले होते. त्यांचा राग खरा होता. या रागावरच रिपब्लिकनांनी सात वर्षं राजकारण केलं आणि ते चाललंही. कायदा पास करताना एकाही रिपब्लिकनने बाजूने मत दिलं नव्हतं, आणि २०१० च्या नोव्हेंबरात डेमोक्रॅटांच्या हाऊसमधल्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहातल्या, ६३ जागा गेल्या. नंतर हाऊसने पन्नासच्या वर वेळा हा कायदा किंवा त्याचे भाग रद्द करायला मतदान केलं. जानेवारी २०१६ मध्ये तर रद्द करणारं बिल दोन्ही सभागृहांतून पास होऊन ओबामांच्या टेबलावर गेलं आणि त्यांनी व्हेटो केला.

हा व्हेटो मला फार महत्त्वाचा वाटतो. तोपर्यंत प्रत्येक रिपब्लिकन आमदार-खासदाराला माहीत होतं की आपण काहीही मत दिलं तरी वर ओबामा बसलेत, कायदा जाणार नाही. म्हणजे मत द्यायला काही किंमत नव्हती. मतदारसंघात कुणाचा डायलिसिस बंद पडणार नव्हता, कुणाच्या आईचं नर्सिंग होम सुटणार नव्हतं. नोव्हेंबर २०१६ ला ट्रम्प जिंकले, हाऊस आणि सिनेट दोन्ही हातात राहिले, आणि एका रात्रीत त्याच मताला खरी किंमत आली.

आपल्याकडचं एक उदाहरण द्यायचा मोह होतोय, कारण साल तेच आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने आणली, २०१४ मध्ये सरकार बदललं, आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना झालं. बंद नाही केली, नाव बदललं आणि चालू ठेवली. सत्तेत आलेल्या माणसाला कळतं की ऑपरेशनचा खर्च ज्याचा निघालाय त्याच्याकडून तो परत मागता येत नाही. रिपब्लिकनांना हे कळत नव्हतं असं नाही, पण सात वर्षं इतकं बोलून ठेवलं होतं की मागे यायला जागाच उरली नव्हती.

गणित आधीच जुळत नव्हतं

सिनेटमध्ये रिपब्लिकन ५२, डेमोक्रॅट बाजू ४८. साध्या बिलाला विरोधकांचा अडथळा मोडायला ६० मतं लागतात, ती मिळणं शक्य नव्हतं. म्हणून रिकन्सिलिएशन नावाची बजेटची वाट धरली, तिथे ५० मतं आणि उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांचं एक मत पुरतं. म्हणजे फक्त दोन सिनेटर फुटले तर चालतील, तिसरा फुटला की संपलं. पण या वाटेने फक्त पैशाशी संबंधित गोष्टी बदलता येतात, विमा कंपन्यांवरचे नियम सरसकट काढता येत नाहीत. कायदा अर्धा मोडायचा आणि अर्धा ठेवायचा अशी वेळ आली, आणि जो अर्धा राहील तो नीट चालेल याची खात्री कुणी देऊ शकत नव्हतं.

त्यात पक्षाची दोन टोकं. हाऊसमधला फ्रीडम कॉकस, मार्क मेडोज त्याचे अध्यक्ष, म्हणायचा की नियमच काढा, सबसिडी कशाला ठेवताय, हे तर ओबामाकेअरचंच दुसरं रूप झालं. दुसरीकडे ओहायो, नेवाडा, वेस्ट व्हर्जिनिया, न्यू जर्सी अशा मेडिकेड वाढवलेल्या राज्यांतले लोक, ते म्हणायचे मेडिकेडला हात लावू नका, आमच्याकडे व्यसनमुक्तीचे उपचार त्याच पैशावर चाललेत. एकाला खूश करायला बिल उजवीकडे ओढलं की दुसरा सुटायचा. आणि वर ट्रम्पनी प्रचारात सांगितलेलं की मेडिकेडला कात्री लावणार नाही, जानेवारीत म्हणाले सगळ्यांना विमा मिळेल, आणि फेब्रुवारीच्या शेवटी म्हणाले की आरोग्यविमा इतका गुंतागुंतीचा असेल हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांनी वर्षानुवर्षं यात काम केलंय त्या नर्सेस, समाजसेवक, हॉस्पिटलचं बिलिंग बघणारे, सगळ्यांना ते माहीत होतं.

६ मार्चला स्पीकर पॉल रायन यांचं बिल आलं. आठवड्याभरात सीबीओ म्हणजे अमेरिकन संसदेचं स्वतःचं निःपक्ष हिशोब खातं, त्यांनी आकडा दिला: २०२६ पर्यंत आणखी २.४ कोटी लोक विम्याबाहेर जातील. त्या अहवालात एक छोटा तक्ता होता आणि माझ्या मते त्या तक्त्याने जेवढं काम केलं तेवढं कुठल्या भाषणाने केलं नसेल. ६४ वर्षांचा माणूस, वर्षाचं उत्पन्न २६,५०० डॉलर. चालू कायद्यात त्याला सबसिडी धरून स्वतःच्या खिशातून वर्षाला साधारण १,७०० डॉलर भरावे लागत. नव्या बिलात १४,६०० डॉलर. अर्ध्याहून जास्त उत्पन्न नुसत्या प्रीमियमला. कारण सबसिडी उत्पन्नावरून काढून वयावर बांधली होती, आणि म्हाताऱ्यांना तरुणांच्या तिप्पटपर्यंतच प्रीमियम लावायची मर्यादा पाचपट केली होती.

यात आपल्या लोकांचाही संबंध आहे आणि त्यावर मराठीत फार कमी बोललं गेलं. अमेरिकेतली बहुतेक मराठी मंडळी कंपनीच्या विम्यावर असतात, त्यामुळे ओबामाकेअर म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी विषय असं वाटतं. पण आईवडिलांना ग्रीन कार्डवर बोलावलं की चित्र बदलतं. ते ६५ च्या वर असले तरी पहिली पाच वर्षं त्यांना मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी विमा, विकतसुद्धा घेता येत नाही, मेडिकेडलाही बहुतेक ठिकाणी पाच वर्षांची अट, आणि मुलाच्या कंपनीच्या पॉलिसीत आईबाप सहसा बसत नाहीत. मग राहतो तो याच कायद्याने उभा केलेला बाजार, जिथे बाबांचा मधुमेह आणि आईचं बायपास झालेलं असूनही कंपनी नाही म्हणू शकत नाही. ती तिपटीची मर्यादा आणि ती जुन्या आजाराची अट म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या एखाद्या घरात आई परत नाशिकला जाणार की नातवंडांजवळ राहणार, याचा निर्णय.

हाऊस: एकदा मागे, मग पुढे

२३ मार्चला, कायद्याला बरोबर सात वर्षं झाली त्या दिवशी, मतदान ठेवलं होतं. मतं जमेनात म्हणून एक दिवस पुढे. २४ ला दुपारी रायन व्हाइट हाऊसला जाऊन सांगून आले की होत नाहीये, आणि बिल मागे घेतलं. रायननी पत्रकारांसमोर कबूल केलं की नजीकच्या काळात ओबामाकेअरसोबतच राहावं लागणार. त्या दिवसांतल्या क्विनिपियाक पोलमध्ये बिलाला पाठिंबा होता १७ टक्के. सतरा! स्वतःच्या पक्षाचे मतदार धरून.

तिथे थांबले असते तर पुढचं बरंच टळलं असतं. पण न्यू जर्सीचे रिपब्लिकन खासदार टॉम मॅकआर्थर यांनी तोडगा काढला: राज्यांना सूट द्यायची, ज्या राज्याला हवं तिथे विमा कंपन्यांना, मधे विमा खंडित झालेल्या माणसाकडून त्याचा आजार बघून जास्त प्रीमियम घेता येईल. फ्रीडम कॉकस खूश झाला. मवाळ लोकांसाठी पाच वर्षांत ८ अब्ज डॉलरची भर टाकली. ४ मे ला बिल २१७ विरुद्ध २१३ ने पास झालं, २० रिपब्लिकन विरोधात गेले. सुधारलेल्या बिलाचा सीबीओचा हिशोब यायच्या आधीच मतदान उरकलं, हिशोब आला २४ मे ला, २.३ कोटी लोक बाहेर. आणि ४ मे च्या दुपारीच सगळे बसमध्ये बसून व्हाइट हाऊसच्या रोझ गार्डनमध्ये गेले, ट्रम्पच्या मागे रांगेत उभे राहून हसत फोटो काढले. अजून सिनेट बाकी होतं, कायदा झालेला नव्हता, पण फोटो निघाले. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत तो फोटो आणि ते मत विरोधकांच्या जाहिरातीत फिरत राहिलं.

मॅकआर्थर १० मे ला विलिंगबरोमध्ये आपल्या मतदारांसमोर गेले. हे मी त्यांच्या बाजूने सांगतोय, कारण त्या दिवसांत बरेच रिपब्लिकन खासदार टाउनहॉल सभा घ्यायचंच टाळत होते. सभा जवळजवळ पाच तास चालली. ते स्वतः आयुष्यभर विमा धंद्यात राहिलेले, त्यांची एक मुलगी जन्मापासून आजारी होती आणि अकराव्या वर्षी वारली, ते दुःख त्यांनी तिथे बोलून दाखवलं. लोक ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. समोरचे लोक उठून आपापल्या घरातल्या आजारांची नावं सांगत होते, बायकोचा कॅन्सर, मुलांचे जन्मजात आजार, आणि विचारत होते की उद्या माझी नोकरी गेली आणि दोन महिने विमा तुटला तर तुमच्या दुरुस्तीप्रमाणे माझं काय होणार. याला धोरणाच्या भाषेत उत्तर होतं, हाय रिस्क पूल, रीइन्शुरन्स वगैरे. पण समोर उभ्या असलेल्या बापाला पुरेल असं उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते संपूर्ण पक्षाची अडचण त्या एका हॉलमध्ये स्पष्ट दिसत होती.

सिनेट

सिनेटमधले रिपब्लिकनांचे नेते मिच मॅककॉनेल यांनी १३ पुरुष सिनेटरांचा गट केला आणि बिल बंद दाराआड लिहिलं. सुनावणी नाही, तज्ज्ञ नाहीत, स्वतःच्या पक्षातल्या बऱ्याच जणांनाही मसुदा दिसला नव्हता. २२ जूनला तो बाहेर आला आणि त्याच दिवशी अडॅप्ट या अपंग हक्कांच्या संघटनेचे लोक मॅककॉनेल यांच्या ऑफिसबाहेर जाऊन बसले. पोलिसांनी ४३ जणांना अटक केली, काहींना व्हीलचेअरमधून उचलून नेलं. त्यांचं म्हणणं काय होतं ते नीट समजून घ्या: त्यांच्या घरी सकाळी येऊन अंघोळ घालणारा, कपडे चढवणारा मदतनीस मेडिकेडच्या पैशावर येतो. मेडिकेडला दहा वर्षांत पाऊण ट्रिलियन डॉलरहून जास्त कात्री लागली तर राज्यं आधी हीच घरची सेवा बंद करतील आणि यांना कायमचं एखाद्या संस्थेत जाऊन पडावं लागेल. ते स्वतःच्या घरात राहण्यासाठी भांडत होते.

मॅककॉनेल यांचं स्वतःचं राज्य केंटकी. मेडिकेड वाढवल्यावर तिथे विमा नसलेल्यांचं प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होतं ते दोनच वर्षांत ६ च्या आसपास आलं, देशात सगळ्यात मोठ्या घसरणींपैकी एक. म्हणजे कायद्याचा सर्वात जास्त फायदा झालेल्या राज्याचा सिनेटर तो कायदा मोडायचं नेतृत्व करत होता. नेवाडाचे रिपब्लिकन गव्हर्नर ब्रायन सँडोव्हल यांनी २३ जूनला सिनेटर डीन हेलर यांना शेजारी उभं करून सांगितलं की हे बिल आमच्या राज्याला चालणार नाही. ओहायोचे जॉन केसिकही सुरुवातीपासून विरोधात. मतदानाची तारीख पुढे गेली, बिल बदललं, परत मतं जमली नाहीत.

२५ जुलैला चर्चा सुरू करायचा प्रस्ताव ५०-५० वर आला आणि पेन्स यांच्या मताने पास झाला. तेव्हा मेनच्या सुसन कॉलिन्स आणि अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की या दोघीच रिपब्लिकन विरोधात होत्या. मॅकेन मेंदूच्या कॅन्सरचं निदान झाल्यावर आठवड्याच्या आत परत आले होते, डोळ्यावर ऑपरेशनची खूण ताजी होती, आणि त्यांनी त्या दिवशी चर्चेच्या बाजूने मत दिलं! भाषणात मात्र बजावलं की हे सगळं बंद खोलीत करू नका, समितीत आणा, दोन्ही बाजूंना बोलू द्या. त्याच रात्री मुख्य बिल ४३-५७ ने पडलं, दुसऱ्या दिवशी नुसतं "रद्द करा, पर्याय नंतर बघू" हे ४५-५५ ने पडलं. याच सिनेटने दीड वर्षापूर्वी जवळपास तेच पास केलं होतं, ओबामांचा व्हेटो होता तेव्हा.

त्या आठवड्यात मर्कोव्स्कींना गृहखात्याचे मंत्री (अमेरिकेत हे खातं जमिनी, जंगलं, खाणी बघतं) रायन झिंके यांचा फोन गेला, तुमच्या मतामुळे अलास्काची कामं अडचणीत येतील असा त्याचा अर्थ. त्याच खात्यावर देखरेख करणाऱ्या समितीच्या मर्कोव्स्की अध्यक्ष होत्या. त्यांनी त्या खात्याच्या नेमणुकांची ठरलेली बैठक पुढे ढकलली. या बाई २०१० मध्ये पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत हरल्यावर मतपत्रिकेवर नाव नसताना, लोकांनी हाताने नाव लिहून निवडून दिलेल्या होत्या. पक्षाच्या धमकीला त्या घाबरतील असं कुणाला का वाटलं कळत नाही.

शेवटी उरलं स्किनी रिपील, म्हणजे विमा घ्यायची सक्ती आणि आणखी दोन-चार गोष्टी काढायच्या, बाकी ठेवायचं. आठ पानांचं बिल, मसुदा आला रात्री दहाच्या सुमारास आणि मतदान त्याच रात्री. सीबीओचा अंदाज: १.६ कोटी लोक जास्त विम्याबाहेर, प्रीमियम २० टक्क्यांनी वर. त्या संध्याकाळी लिंडसे ग्रॅहम, मॅकेन आणि आणखी दोघा रिपब्लिकन सिनेटरांनी पत्रकार परिषद घेतली. ग्रॅहम म्हणाले हे बिल धोरण म्हणून सत्यानाश आहे आणि पर्याय म्हणून फसवणूक आहे, हाऊस हे जसंच्या तसं पास करणार नाही अशी हमी द्या, तरच आम्ही मत देऊ. हे मी कितीदा वाचलं तरी मला पटत नाही. देशाच्या सहाव्या हिश्श्याएवढ्या अर्थव्यवस्थेचं बिल, आणि ते कायदा होणार नाही अशी खात्री असेल तरच बाजूने मत. रायन यांनी काहीतरी मोघम आश्वासन दिलं, ग्रॅहम मानले, मॅकेन मानले नाहीत.

मतदान लांबलं. पेन्स मॅकेनशेजारी उभे राहून बराच वेळ समजावत होते, ट्रम्प यांच्याशी फोनवर बोलणं झालं. मग मॅकेन सभागृहात आले, अंगठा खाली. डेमोक्रॅटांच्या बाकावरून टाळ्या सुरू झाल्या तशा त्यांचे नेते चक शूमर यांनी वळून हाताने थांबा म्हटलं. मॅककॉनेल हाताची घडी घालून समोर उभे होते. ४९-५१. तीन रिपब्लिकनांनी "नो" म्हटलं, त्यातल्या दोघी आठवडाभर ठाम होत्या, तिसरा शेवटी आला. कॉलिन्स दुसऱ्या दिवशी बँगोर विमानतळावर उतरल्या तेव्हा तिथे विमानाची वाट बघत बसलेले लोक टाळ्या वाजवायला लागले, असं त्यांनी स्वतः सांगितलंय.

सप्टेंबरात ग्रॅहम-कॅसिडी बिल म्हणून आणखी एक प्रयत्न झाला. मॅकेन आणि कॉलिन्स यांनी नकार दिल्यावर २६ सप्टेंबरला तोही मतदान न घेताच सोडला.

मग काय काय झालं

पहिली फूट घरातच. ऑगस्टभर ट्रम्प मॅककॉनेल यांच्यावर जाहीर टीका करत राहिले, सात वर्षं बोलत होतात आणि जमलं नाही म्हणून. ६ सप्टेंबरला त्यांनी कर्जमर्यादेवर स्वतःच्या नेत्यांना बाजूला ठेवून डेमोक्रॅटांचे नेते शूमर आणि नॅन्सी पलोसी यांच्याशी सौदा केला. आरोग्यमंत्री टॉम प्राइस सरकारी पैशाने खाजगी विमानं वापरल्याच्या प्रकरणात २९ सप्टेंबरला गेले, आणि ज्याने हे बिल खांद्यावर घेतलं त्याचं बिल पडलेलं असताना त्याला वाचवायला कुणी उभं राहिलं नाही.

१२ ऑक्टोबरला ट्रम्प यांनी विमा कंपन्यांना दिली जाणारी एक भरपाई बंद केली. कायदा कोसळेल असा अंदाज होता. पण राज्यांच्या विमा अधिकाऱ्यांनी आणि कंपन्यांनी मिळून तो तोटा सिल्व्हर नावाच्या प्लॅनवर टाकला, सबसिडी त्याच प्लॅनच्या दरावरून ठरते, त्यामुळे सबसिडी वाढली आणि कमी उत्पन्नाच्या बऱ्याच लोकांना स्वस्तातले प्लॅन फुकटात मिळायला लागले. सबसिडी न मिळणाऱ्यांचं मात्र कंबरडं मोडलं, म्हणजे ज्यांचा राग घेऊन हे सगळं सुरू झालं होतं तेच पुन्हा भरडले गेले. मला याचं सगळ्यात वाईट वाटतं.

लोकांचं मत उलटलं ते वेगळंच. ओबामा असताना हा कायदा जवळपास कायम निम्म्याच्या खाली होता. काढून घ्यायची वेळ आल्यावर, २०१७ च्या एप्रिलमध्ये गॅलपच्या पाहणीत पहिल्यांदा निम्म्याहून जास्त लोक बाजूने आले, ५५ टक्के. नोव्हेंबरात मेन राज्यात मेडिकेड वाढवायचं की नाही यावर थेट जनमत झालं आणि जवळजवळ ५९ टक्क्यांनी हो म्हटलं, गव्हर्नरने पाचदा व्हेटो केला होता तरी. २०१८ मध्ये आयडाहो, युटा, नेब्रास्का. ही तिन्ही कट्टर रिपब्लिकन राज्यं आहेत, तिथल्या लोकांनी त्याच दिवशी रिपब्लिकन उमेदवारही निवडले आणि मेडिकेडही वाढवून घेतलं.

नोव्हेंबर २०१८ ला डेमोक्रॅटांनी हाऊसमध्ये ४० जागा कमावल्या आणि बहुमत घेतलं. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांपैकी ४१ टक्के म्हणाले आरोग्यसेवा हा सगळ्यात मोठा मुद्दा, त्यातल्या पाऊण लोकांनी डेमोक्रॅटांना मत दिलेलं. न्यू जर्सीचा हिशोब बघा. मॅकआर्थर अँडी किम यांच्याकडून थोडक्यात हरले. रॉडनी फ्रेलिंगहायसन यांनी मार्चमध्ये विरोध करून मे मध्ये हो म्हटलं होतं, त्यांनी निवडणूकच लढवली नाही आणि जागा मिकी शेरिल यांना गेली. पण शेजारी लिओनार्ड लान्स, ज्यांच्या मतदारसंघात आपल्या लोकांच्या बालाजी मंदिराचं ब्रिजवॉटर येतं, त्यांनी तर ४ मे ला बिलाच्या विरोधात मत दिलं होतं, तरी तेही हरले. राज्यातल्या १२ जागांपैकी रिपब्लिकनांकडे एक उरली. माणसाने काय मत दिलं यापेक्षा पक्षाने काय केलं हे लोकांनी बघितलं. लान्स यांच्यावर हा अन्याय झाला असं मला वाटतं, पण मतदाराचंही चूक नव्हतं, कारण लान्स निवडून आले असते तर स्पीकरपदाला मत त्याच पक्षाला गेलं असतं.

नेवाडाचे हेलर, ज्यांनी जूनमध्ये गव्हर्नरशेजारी उभं राहून नाही म्हटलं, त्यांनी जुलैच्या रात्री स्किनी रिपीलला हो म्हटलं होतं. त्या वर्षी हरलेले ते एकमेव विद्यमान रिपब्लिकन सिनेटर. सिनेटचं चित्र एकूण वेगळं होतं हेही सांगायला हवं, तिथे रिपब्लिकनांच्या दोन जागा वाढल्या, कारण त्या वर्षी लढती ट्रम्पच्या राज्यांत जास्त होत्या.

मधल्या काळात डिसेंबर २०१७ च्या कर कायद्यात विमा न घेतल्याचा दंड शून्य केला होता. त्यावरून टेक्सास आणि इतर राज्यं कोर्टात गेली की दंडच नाही तर अख्खा कायदा घटनाबाह्य. ट्रम्प सरकारने जून २०१८ मध्ये जुन्या आजारांचं संरक्षण वाचवायला कोर्टात नकार दिला, निवडणुकीच्या पाच महिने आधी! वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट सिनेटर जो मॅन्चिन यांनी जाहिरातीत त्या दाव्याच्या कागदावर बंदुकीची गोळी झाडली आणि ते जिंकले. ज्या रिपब्लिकनांनी मे मध्ये हो म्हटलं होतं ते आता जाहिरातीत म्हणत होते की जुन्या आजारांचं संरक्षण आम्हीच करणार. शेवटी १७ जून २०२१ ला सुप्रीम कोर्टाने ७-२ ने दावा फेटाळला. सप्टेंबर २०२४ च्या डिबेटमध्ये ट्रम्पना विचारलं की तुमचा प्लॅन काय, तर उत्तर आलं की प्लॅनच्या कल्पना आहेत.

२०२५ मध्ये मात्र रिपब्लिकनांनी वेगळा रस्ता घेतला आणि मला भीती या रस्त्याची जास्त वाटते. रद्द हा शब्दच कुणी उच्चारला नाही. कर कपातीच्या मोठ्या बिलात मेडिकेडला कामाची अट, वारंवार कागदपत्रं, राज्यांच्या निधीवर बंधनं असं घातलं, सीबीओच्या हिशोबाने २०३४ पर्यंत साधारण एक कोटी लोक विम्याबाहेर. १ जुलैला सिनेटमध्ये ५१-५० ने पास झालं. कॉलिन्स यांनी विरोधात मत दिलं. मर्कोव्स्की यांनी या वेळी अलास्कासाठी काही सवलती मिळवून हो म्हटलं, आणि त्यांच्या त्या एका मताशिवाय ते पास झालं नसतं. त्याच कायद्याने, पाच वर्षांच्या अटीमुळे ज्यांना मेडिकेड मिळत नाही अशा अगदी कमी उत्पन्नाच्या कायदेशीर स्थलांतरितांना विमा बाजारात जी सबसिडी मिळायची तीही २०२६ पासून बंद केली. ग्रीन कार्डवर आलेले, स्वतःचं उत्पन्न नसलेले आणि वेगळं घर करून राहणारे आईवडील यात येऊ शकतात, तेव्हा कुणाचे आईबाबा तिकडे असतील तर नव्या वर्षाचा प्लॅन घ्यायच्या आधी हे तपासून घ्या.